घरासकट पाहुणे

शुक्रवार

पूर्व कोलोरॅडोतलं लायमन सोडून पश्चिमेला निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. कॅन्सस संपून कोलोरॅडो लागलं तरी नजरेला फरक कळत नाही. तोच माळ, त्याच पवनचक्क्या, तोच आडवा वारा. आमची आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. तिच्या उंच, सपाट अंगावर हा वारा आदळत राहतो आणि संध्याकाळपर्यंत स्टिअरिंगवरचे हात आखडतात. त्यापेक्षा मला चढ परवडतो. चढाला निदान माथा असतो.

या लांबच्या प्रवासात आजवरचे सगळे मुक्काम कॅम्पग्राउंडवर नाहीतर राष्ट्रीय उद्यानांत झाले होते. कुणाच्या घरी जायची ही पहिलीच वेळ. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा (मी त्यांना भाऊजीच म्हणते) काही वर्षांपूर्वी शहरातल्या नोकऱ्या सोडून ब्यूना व्हिस्टाच्या वरच्या अंगाला डोंगरात राहायला गेले. ‘या की गं’ असं ती केव्हापासून म्हणत होती. आम्ही खरंच येतो म्हटल्यावर भाऊजींनी फोनवर गाडीची कुंडलीच मागितली. लांबी किती, छतावरच्या एसीसकट उंची किती, आणि मागच्या चाकांच्या मागे गाडी किती फूट लोंबते. हा शेवटचा प्रश्न जाणता माणूसच विचारतो. सपाट रस्त्यावरून एकदम चढाच्या वाटेला लागलं की गाडीचं बूड जमिनीला घासतं, आणि सांडपाण्याचे पाइप नेमके तिथेच असतात. आमची गाडी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. २८ फूट लांब, साडेअकरा फूट उंच. भाऊजींनी टेप घेऊन वाट मोजली, पाइनच्या दोन फांद्या उतरवल्या आणि मगच होकार कळवला.

आय-७० महामार्गावरून सरळ गेलो असतो तर आयझेनहॉवर बोगदा लागला असता. तो ११,००० फुटांच्या वर आहे, आणि पलीकडे सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी त्या उतारावर खडी भरलेल्या चढत्या वाटा काढून ठेवल्या आहेत. त्या पाहूनच पोटात गोळा येतो. भाऊजींनी यूएस २८५ सुचवला होता. डेन्व्हरला दक्षिणेकडून वळसा घातला आणि तो धरला.

डोंगर सुरू होताच पेट्रोल पंपावरचे आकडे बदलतात. इकडे ‘रेग्युलर’ म्हणजे ८५ ऑक्टेन. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना विरळ हवेत तेवढं पुरायचं, म्हणून ही पद्धत पडली आणि तशीच राहिली. आताच्या इंजिनांची पुस्तिका ८७ सांगते. सवयीने सर्वांत स्वस्त नळी उचलणाऱ्याने इथे आकडा वाचून घ्यावा. दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. दहा हजार फुटांवर जवळजवळ एक तृतीयांश घोडे गायब! मागून येणाऱ्यांची रांग लांबली की आम्ही उजवीकडे सरकून वाट देत होतो. त्यातल्या एकाने हात हलवला. बाकीच्यांनी काय केलं ते पाहिलं नाही.

केनोशा पास १०,००० फुटांवर आहे. सप्टेंबर अखेरीच्या शुक्रवारी तिथे काय उसळतं ते आम्हाला ऐकून माहीत होतं. ॲस्पेनची झाडं पिवळी पडली की निम्मं डेन्व्हर इथे लोटतं. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, तिवया, मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. २८ फुटांची गाडी उभी करायला जागा मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे तो सगळा सोनेरी डोंगर आम्ही ताशी वीस मैलांनी, काचेतूनच पाहिला. खिंड ओलांडली आणि साउथ पार्कचं पठार एकदम समोर उघडलं. सभोवती डोंगर आणि मध्ये वाळलेल्या गवताचा अफाट सपाट तळ. इतक्या उंचीवर एवढी सपाटी असेल असं वाटत नाही. गर्दी मात्र सगळी खिंडीतच थांबते. मला विचाराल तर ॲस्पेनपेक्षा हे पठार सरस.

ब्यूना व्हिस्टाच्या अलीकडे वळणावर भाऊजी पिकअप घेऊन उभे होते. ‘जीपीएस बंद करा आणि माझ्या मागे या.’ पुढचा कच्चा रस्ता अगदी हळूहळू पार केला. मागे कपाटातली भांडी काय म्हणत होती ते ऐकू येत होतंच. घराशी गाडी लावल्यावर नेहमीचा सोहळा झाला. चाकांना उटी, खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लॅस्टिकचे ठोकळे, ओट्यावर पाणसळ. आमचा फ्रिज गॅसवर चालणारा आहे आणि त्याला तिरकं उभं राहिलेलं चालत नाही. त्यातलं अमोनियाचं द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरतं. गाडी कलती राहिली की ते अडतं आणि फ्रिज हळूहळू मरतो.

मग वाद. वरची खोली झाडूनपुसून, चादरी घालून तयार होती. ‘घरात खोली असताना अंगणात झोपणार?’ मैत्रीण खरंच दुखावली होती. शेवटी तोड निघाली. झोपायचं गाडीत, सकाळचा चहा घरात. गॅरेजमधून केशरी रंगाची जाड वायर ओढून आम्ही त्यांची वीज घेतली. साधा घरगुती प्लग १५ अँपिअरचा असतो, म्हणजे बॅटरी चार्ज होते, दिवे लागतात. पण मायक्रोवेव्ह आणि हीटर एका वेळी लावले तर घरातला ब्रेकर पडतो. हा नियम चौघांनी मिळून पाठ केला.

शनिवार

रात्री झोप आली नाही. डोकं जड, घसा कोरडा, आणि डोळा लागतोय तोच श्वास पुरत नाहीये असं वाटून पुन्हा जाग. उंचीवर पहिल्या रात्री बहुतेकांचं असंच होतं. मैत्रिणीने सकाळी कपाळाकडे पाहूनच ओळखलं. ‘आज कुठे जायचं नाही. पाणी पी आणि बसून राहा.’ सपाटीवरून थेट वर येऊन दुसऱ्याच दिवशी शिखर गाठायला निघालेले पाहुणे तिने पाहिले होते. दुपारी त्यांना खाली उतरवून आणावं लागलं होतं.

म्हणून बसून राहिलो, आणि त्यामुळेच या घराचा संसार कसा चालतो ते पाहायला मिळालं.

समोर माउंट प्रिन्स्टन, १४,००० फुटांच्या वरचा. त्याच्या उत्तरेला येल, आणखी वर हार्वर्ड. १८६९ साली हार्वर्डचे प्राध्यापक जोसाया व्हिटनी विद्यार्थ्यांना घेऊन इथे सर्वेक्षणाला आले आणि आपल्या विद्यापीठाचं नाव उंच शिखराला देऊन मोकळे झाले. ते स्वतः शिकले होते येलमध्ये, म्हणून ते नाव शेजारच्या थोड्या ठेंगण्या शिखराला. नोकरी देणाऱ्याची बाजू वरचढ ठरली, एवढाच अर्थ मी काढला.

हे असं दृश्य खिडकीत असलं की माणसं तोंड भरून हेवा करतात. बाकीचं कुणी विचारत नाही. घरामागे त्यांची स्वतःची विहीर आहे, शेकडो फूट खोल खणलेली. पण तिच्या परवान्यावर स्पष्ट लिहिलेलं आहे की पाणी फक्त घरात वापरायचं. कोलोरॅडोत पाण्यावरचा हक्क ज्याने आधी वापरलं त्याचा. खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे हक्क दीडशे वर्षांपूर्वीचे, म्हणून ३५ एकरांहून लहान जागेवरच्या नव्या विहिरींना बहुधा असाच परवाना मिळतो. स्वतःच्या विहिरीचं पाणी स्वतःच्या टोमॅटोला घालायची मुभा नाही. छतावरून ओघळणारा पाऊस पिंपात साठवायलाही २०१६ पर्यंत बंदी होती. आता दोन पिंपं चालतात, मिळून ११० गॅलन. मैत्रिणीच्या अंगणात ती दोन पिंपं सासूबाईंसारखी मानाने बसवलेली आहेत, आणि सगळी फुलझाडं त्यांच्या आज्ञेत. हे आधीच कळलं होतं म्हणून आम्ही गावातच टाकी काठोकाठ भरून आणली होती. सांडपाण्याचाही प्रश्न काढला नाही. दोन माणसांच्या हिशेबाने बांधलेल्या सेप्टिक टाकीत कुणाच्या गाडीची ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, ओतणं हे पाहुणचाराच्या पलीकडचं आहे, मग यजमान कितीही ‘चालेल’ म्हणोत.

घराभोवतीचे पहिले पाच फूट नुसते दगड आहेत. झाड नाही, लाकूड नाही, पायपुसणंही नाही. तीस फुटांपर्यंत एकमेकांना न भिडणारी मोजकीच झाडं, आणि त्यांच्याही खालच्या फांद्या छाटलेल्या. वणवा आला तर घराला तग धरायला ही मोकळीक हवी. ती ठेवलेली नसेल तर विमा कंपनी हात वर करते. लाकूडफाटा म्हणूनच घरापासून लांब, शेडमध्ये. पाइनच्या सालीत बीटलने पोखरलेली झाडं शोधून तोडायची, ओंडके फोडायचे, वर्षभर वाळवायचे. हिवाळ्यात खाजगी वाटेवरचं बर्फ स्वतः काढायचं, काउंटीची गाडी फक्त मोठ्या रस्त्यापर्यंत येते. भाऊजींची साठी उलटली आहे. ‘व्यायामशाळेचे पैसे वाचतात’ असं ते म्हणतात, पण उजवा खांदा चोळत म्हणतात.

संध्याकाळी कचऱ्याच्या डब्याला लोखंडी कडी घातली. सप्टेंबरात अस्वलं थंडीच्या तयारीला लागतात आणि दिवसाला वीस हजार उष्मांकांपर्यंत खातात. इथे फक्त काळी अस्वलं, रंगाने तपकिरी असली तरी जात काळीच. या राज्यात शेवटचं ग्रिझली १९७९ साली मारलं गेलं. आम्हालाही सूचना झाली: गाडीत काही शिजवलं असेल तर खिडक्या लावून, दारं कुलूपबंद. अस्वलाला गाडीचा दरवाजा उघडता येतो. मला वाटलं मैत्रीण गंमत करतेय. तिने शेजाऱ्याच्या मोटारीच्या आतल्या भागाचा फोटो दाखवला.

रविवार

डोकं उतरलं. भाऊजींच्या जीपमधून चौघं निघालो. आमची गाडी तिथेच ठोकळ्यांवर उभी. मोठ्या गाडीने डोंगरात येणाऱ्याला लहान गाडी असलेले मित्र असावेत, हे माझं या प्रवासातलं सर्वांत पक्कं मत.

चॉक क्रीकच्या दरीत शिरताना उजवीकडे प्रिन्स्टनच्या अंगावर पांढरेशुभ्र कडे दिसतात. नाव चॉक क्लिफ्स, पण त्यात खडू औषधालाही नाही. जमिनीखालून वर येणाऱ्या गरम पाण्याने ग्रॅनाइटसारखा मूळ खडक कुजवून त्याची पांढरी माती केली, केओलिनाइट. तेच गरम पाणी आजही खाली ओढ्याकाठी झऱ्यांतून निघतं आणि लोक त्यात डुंबतात.

दरीच्या वरच्या टोकाला सेंट एल्मो. १८८० साली चांदी-सोन्याच्या नादात वसलेलं आणि भरभराटीत दोनेक हजार वस्ती झालेलं गाव. रेल्वेने इथून वर जाऊन पूर्वेचं आणि पश्चिमेचं पाणी वेगळं करणाऱ्या डोंगरकण्याखालून अल्पाइन बोगदा काढला. १८८२ साली तो सुरू झाला आणि १९१० साली बंद पडला. गाडी गेली तशी माणसंही गेली. मोजकी लाकडी घरं, दुकानांच्या उंच खोट्या दर्शनी भिंती आणि एक रस्ता एवढं उरलं. २००२ च्या आगीत टाउन हॉल जळाला होता, तो पुन्हा जुन्यासारखा बांधला आहे. इतर ठिकाणची ‘भुताची गावं’ पाहून माझा अपेक्षाभंगच झालेला आहे, पण हे वेगळं वाटलं, कारण काही घरं अजूनही लोकांची खाजगी आहेत. पडद्यांना इस्त्री दिसते. सगळ्यात जास्त लोकवस्ती चिपमंक खारींची. त्या थेट बुटांवर चढून खिसे तपासतात.

परत येताना कॉटनवुड पासला गेलो. १२,१२६ फूट. पलीकडचा उतार २०१९ साली डांबरी झाला आणि सायकलवाल्यांची चंगळ झाली. माथ्यावर वारा इतका की बोलणं तोंडातच राहतं. आम्ही पाच मिनिटं थांबलो, फोटो काढले, गाडीत बसलो. खाली उतरताना ॲस्पेनच्या राईत मात्र तासभर रेंगाळलो. एका मुळापासून फुटलेली शेकडो खोडं, त्यामुळे एखादा उतार अख्खाच्या अख्खा एकाच दिवशी पिवळा होतो आणि त्याला लागून असलेला दुसरा अजून हिरवागार. दोन वेगवेगळी झाडं म्हणायची ती.

रात्रीचं जेवण गाडीत, आमच्याकडून. चार माणसं त्या टेबलाशी बसली की कुणालाही उठायचं असेल तर तिघांना हलावं लागतं. कुकरला नेहमीपेक्षा जास्त वेळ दिला. या उंचीवर पाणी ९१-९२ अंशांनाच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. मैत्रीण म्हणाली, इथे राहायला आल्यावर पहिल्या महिन्यात तिने तीन वेळा कच्चा भात वाढला आणि भाऊजींनी तीनही वेळा मुकाट्याने खाल्ला.

सोमवार

लेडव्हिल. दहा हजार फुटांहून उंच असलेलं, अमेरिकेतलं सर्वांत उंचावरचं शहर, असं इथला प्रत्येक फलक बजावतो. पश्चिमेला एल्बर्ट आणि मॅसिव्ह. एल्बर्ट हे रॉकीजमधलं सर्वोच्च शिखर, पण दिसायला इतकं सौम्य की दाखवल्याशिवाय कळत नाही.

गाव तासाभरात पायी होतं. मी अडकले ती टेबर ऑपेरा हाउसपाशी. होरेस टेबर हा इथला दुकानदार. खाणवाल्यांना उधारीवर सामान दिलं, बदल्यात हिस्सा घेतला, आणि चांदी लागली. १८७९ साली त्याने हे नाट्यगृह उभारलं. पुढे पहिल्या बायकोला सोडून बेबी डो नावाच्या तरुणीशी लग्न केलं, त्याचा देशभर गवगवा झाला. १८९३ साली सरकारने चांदी खरेदीचा कायदा रद्द केला आणि सगळं मातीमोल झालं. १८९९ साली तो गेला तेव्हा डेन्व्हरमध्ये पोस्टमास्तर होता. बेबी डो नंतर तीस-पस्तीस वर्षं मॅचलेस खाणीशेजारच्या खोपटात राहिली आणि १९३५ च्या मार्चमध्ये तिथेच थंडीने गोठलेली सापडली. खोपट पाहिलं. आमच्या आरव्हीपेक्षा फार मोठं नाही. गाइडची मंडळी ही कथा मोहापायी झालेल्या नाशाची म्हणून सांगतात, मला ते पटलं नाही. एवढ्या थंडीत एवढी वर्षं एकटीने तग धरणाऱ्या बाईला लोभी म्हणून उडवून लावता येत नाही.

परतताना आभाळ भरून आलं. इंडिपेंडन्स पासला (१२,०९५ फूट, ३५ फुटांवरच्या गाड्यांना तिथे बंदीच आहे) जायचा बेत रद्द. भाऊजी आभाळाकडे पाहत म्हणाले, ‘रात्री पाण्याचा पाइप काढून ठेवा.’ आम्ही जोडलाच नव्हता, पण सूचना कळली.

मंगळवार

पहाटे कसल्याशा आवाजाने जाग आली. सुकं लाकूड मोडल्यासारखा कडाड्, मग थोड्या वेळाने दुसरा. पडदा सारला तर सगळं पांढरं.

वर्षातलं पहिलं बर्फ, आणि ओलं. जानेवारीतलं बर्फ भुरभुरीत असतं, ते फांदीवरून घसरून जातं. हे चिकटतं. त्यात ॲस्पेनवर अजून पानं. प्रत्येक पानाने आपापला वाटा धरून ठेवला आणि फांद्या भाराने मोडत होत्या. त्यातलीच एखादी कुठेतरी तारांवर पडली असावी, कारण आमच्या चार्जरचा दिवा विझलेला होता. घरही अंधारात.

आमचा गॅस हीटर चालू होता. प्रोपेनला थंडीचं वावडं नाही, ते उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतं. पण गरम हवा फिरवणारा पंखा बॅटरीवर चालतो, आणि रात्रभर चालला तर सकाळी बॅटरी अंगात त्राण नसल्यासारखी होते. आमची तशीच झाली होती. नवऱ्याने बूट चढवले, मी चहाचं आधण ठेवलं, आणि तेवढ्यात दारावर थाप. मैत्रीण, अंगावर शाल आणि हातात रिकामी बादली.

वीज नाही म्हणजे विहिरीचा पंप नाही. पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. स्वयंपाकाची शेगडीही विजेची. लाकडाच्या भट्टीमुळे घर उबदार होतं, पण त्या उबेत ना चहा होत होता ना तोंड धुता येत होतं. ‘तुमच्याकडे पाणी आहे ना गं?’ असं विचारताना तिला संकोच वाटला, आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. चार दिवस आम्ही त्यांची वीज, त्यांची जीप, त्यांचा वेळ वापरत होतो. आता चाळीस गॅलनच्या टाकीत निम्म्याहून जास्त पाणी होतं आणि शेगडीचे तिन्ही बर्नर पेटत होते. चौघं पुन्हा त्या टेबलाशी बसलो. या वेळी यजमान आम्ही.

दुपारपर्यंत वीज आली नाही तेव्हा भाऊजींना फ्रीझरची काळजी लागली. हिवाळ्याची बेगमी त्यात होती. आमच्या गाडीत जनरेटर आहे, चार किलोवॉटचा, पण त्यालाही विरळ हवेत दम लागतो. त्याच्या अंगावर उंचीचा एक खटका असतो, तो फिरवून हवेचं आणि इंधनाचं प्रमाण जमवावं लागतं. केलं तसं. मग तीच केशरी वायर उलटी धरली. आमच्या प्लगमधून निघून गॅरेजमध्ये, थेट फ्रीझरला. घराच्या वायरिंगमध्ये ती वीज सोडायची नाही, याबद्दल भाऊजी कडक होते. मुख्य स्विच न तोडता घरात वीज सोडली तर ती ट्रान्सफॉर्मरमधून उलटी तारांवर चढते, आणि तिकडे कुणीतरी खांबावर बसून तारा जोडत असतो. एक वायर, एक यंत्र, बस्स.

बाकीचा दिवस अंगमेहनतीत गेला. नवरा आणि भाऊजी वाटेवरच्या फांद्या करवतीने कापत होते, आम्ही दोघी लांब झाडूने उरलेल्या फांद्यांवरचं बर्फ झटकत होतो. एका फांदीवरचं पूर्ण ओझं तिच्या मानेवर पडलं. ती किंचाळली आणि मग हसत बर्फातच बसली. आमचं वय, आमचे गुडघे, डॉक्टरांनी सांगितलेलं, मुलांनी बजावलेलं, सगळं तासभर बाजूला राहिलं. बोलणं फारसं झालं नाही. इतक्या वर्षांनी भेटल्यावर काय काय बोलायचं याची मी मनात यादी केली होती, तिच्यातलं निम्मं तसंच उरलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही. कामात शेजारी उभं राहिलं की माणूस कसा आहे ते न विचारता कळतं. ती आता वाकताना डावा हात कमरेवर ठेवते. वरून कुणी हाक मारली तर चटकन ऐकू येत नाही तिला. फोनवर यातलं काही कळलं नव्हतं.

चारच्या सुमारास घरातले सगळे दिवे एकदम लागले, रेडिओ बोलायला लागला. भाऊजींनी नळ सोडून पाहिला आणि घोषणा केली की आज कुणी अंघोळ लांबवली तरी चालेल. जेवण घरात झालं. वरच्या खोलीचा विषय तिने पुन्हा काढला, या वेळी सहज. आम्ही झोपायला गाडीत गेलो, पण रात्री दहानंतर गेलो. खालच्या कुरणात एल्क हरणांचे नर साद घालत होते. एवढ्या मोठ्या जनावराच्या गळ्यातून अशी शिट्टी निघते यावर पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

बुधवार

उन्हाने रस्ता वाळू दिला आणि मग निघालो. निरोपाला फार वेळ लागला नाही, कारण आधी ठोकळे काढायचे होते, वायर गुंडाळायची होती, आणि भाऊजी पिकअप घेऊन पुढे निघालेसुद्धा. हमरस्त्यापर्यंत सोडायला आले. मैत्रिणीने सुक्या लाकडाचं पोतं मागच्या कप्प्यात कोंबलं होतं. पण सरपण दूर नेऊ नये, त्यातून झाडांचे किडे पसरतात. हे तिनेच मला शनिवारी शिकवलं होतं. ती आठवण केल्यावर पोतं परत उतरवलं, आणि तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

गावातल्या डम्प स्टेशनवर टाक्या रिकाम्या केल्या. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. नवीन पाणी भरलं. पॉन्चा स्प्रिंग्जला उजवीकडे वळून यूएस ५० ने मोनार्क पासचा चढ धरला. माथा ११,३१२ फूट. इथे पूर्वेला पडलेला पाऊस आर्कन्सॉ नदीतून मिसिसिपीला जातो आणि पश्चिमेला पडलेला गनिसनमधून कोलोरॅडो नदीला. रस्त्याच्या कडेला कालचं बर्फ, मधला डांबरी भाग कोरडा.

उतारावर मी टो-हॉलचं (इंजिनाने वेग आवरायचं) बटण दाबलं, गिअर खाली आणला आणि इंजिनालाच गाडी धरू दिली. ब्रेकवर सतत पाय ठेवायचा नाही. वेग वाढला की एकदा जोरात दाबून कमी करायचा, मग सोडायचं, म्हणजे ते थंड होतात. नवरा कप्प्याला हात टेकून बसला होता. मध्ये मध्ये ‘छान, छान’ म्हणत होता. त्याने ते बंद केलं असतं तर बरं झालं असतं.

गनिसनजवळच्या कॅम्पग्राउंडवर वीज, पाणी, सगळं जोडून मिळालं. शेजारची गाडी चाळीस फुटांची, तिला स्वतःचा अंगणदिवा. मालकाने सांगितलं की रात्री पाइप काढा. या खोऱ्यात थंड हवा साचून राहते आणि डोंगरमाथ्यापेक्षा इथे जास्त कडाका पडतो.

पुढचा प्रश्न रेड माउंटन पासचा. माँट्रोझवरून उरेला जाऊन तिथून दक्षिणेला सिल्व्हरटनकडे निघालं, तर आपली लेन दरीच्या बाजूची. वळणं अवघड, आणि कित्येक ठिकाणी कठडे नाहीत, कारण बर्फ ढकलायला कडा मोकळ्या लागतात. भाऊजींचा सल्ला असा की रिजवेला वळा, टेल्युराइडच्या बाजूने लिझर्ड हेड पास उतरून जा, आणि तो रस्ता करायचाच असेल तर परतताना ड्युरँगोकडून करा. मग डोंगर आपल्या अंगाला राहतो. नवऱ्याला थेटच जायचंय. गाडी मी चालवते आहे, तेव्हा लिझर्ड हेड.